एका खोलीत किती कट्टे?

एप्रिलच्या अखेरीस धारणीला शिक्षकांचे एक शिबिर होते. विषय होता ‘अंदाज बांधणे’. दुपारच्या सत्रात मी फळ्यावर वीस फुटी कंटेनरचे चित्र काढले, शेजारी एक खोके काढले आणि विचारले, “या कंटेनरमध्ये अशी किती खोकी मावतील?” वह्या उघडल्या, भागाकार सुरू झाले. मागच्या बाकावरचे एक शिक्षक मात्र काहीच लिहीत नव्हते. ते म्हणाले, “सर, आमच्या गावात कंटेनर येत नाही. पावसाळ्याआधी रेशनच्या धान्याची गाडी येते. तिचं गणित घ्या ना. दुकानदाराची खोली बारा बाय दहा फूट आहे. चार महिन्यांचं धान्य तिच्यात मावेल का?”

प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा कितीतरी चांगला होता. मेळघाटातली काही गावे पावसाळ्यात तुटतात. सिपना, गडगा आणि त्यांना मिळणारे नाले भरले की रस्ता बंद होतो. १९९० च्या दशकात इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या. पुढे १९९५ मध्ये राज्यात नवसंजीवन योजना आली आणि अशा गावांत पावसाळ्यापूर्वीच चार महिन्यांचे धान्य पोचवून ठेवण्याची पद्धत तिच्यात आली. धान्य पोचले पाहिजे हे खरेच, पण पोचलेले धान्य ठेवायला जागा हवी. ती पुरेल की नाही हे जूनमध्ये गाडी दारात उभी राहिल्यावर कळून उपयोग नाही. मे महिन्यातच कळले पाहिजे.

तेव्हा आम्ही दोन्ही गणिते करायची ठरवली. आधी कंटेनरचे, कारण खोक्याच्या कडा सरळ असतात आणि ते दबत नाही. मग कट्ट्यांचे. (वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी: पन्नास किलोच्या पोत्याला इकडे कट्टा म्हणतात.)

वीस फुटी कंटेनर आतून सुमारे ५९० सें.मी. लांब, २३५ सें.मी. रुंद आणि २३९ सें.मी. उंच असतो. बनावटीप्रमाणे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडे तिकडे. त्याचे घनफळ झाले सुमारे ३३ घनमीटर. खोके घेऊ ६० × ४० × ४० सें.मी.चे, म्हणजे ०.०९६ घनमीटर. भागाकार केला की ३४५ येतात. शिबिरातल्या बहुतेकांचे उत्तर हेच होते आणि शाळेच्या पुस्तकातही ते बरोबर धरले गेले असते.

आता प्रत्यक्ष भरू. खोक्याची ६० ची बाजू कंटेनरच्या लांबीच्या दिशेने ठेवली. ५९० मध्ये ६० नऊ वेळा जातात, ५० उरतात. रुंदीत ४० पाच वेळा, ३५ उरतात. उंचीत ४० पाच वेळा, आणि उरतात ३९! म्हणजे सहावा थर केवळ एका सेंटिमीटरसाठी राहिला. एकूण खोकी ९ × ५ × ५ = २२५. कुठे ३४५ आणि कुठे २२५. तिसरा हिस्सा जागा रिकामी आणि तरीही एक खोके जास्त घुसत नाही.

असे का झाले ते मुलांना सहज कळते. भागाकार करताना आपण खोके पाण्यासारखे धरले. पाणी कोणत्याही फटीत जाते. खोके अख्खेच जाते किंवा जातच नाही. म्हणून तीन बाजूंचे तीन भागाकार वेगवेगळे करायचे, प्रत्येकातली बाकी टाकून द्यायची आणि मगच गुणाकार करायचा. घनफळाच्या भागाकाराने मिळते ती फक्त वरची मर्यादा. “३४५ पेक्षा जास्त मावणार नाहीत” एवढेच तो सांगतो. किती मावतील हे तो सांगत नाही.

पण २२५ वरही थांबायचे कारण नाही. खोके फिरवता येते. पहिल्या थरात खोकी उभी करा, म्हणजे ६० ची बाजू वर. तळाला ४० × ४० चा चौकोन लागतो. लांबीत १४ आणि रुंदीत ५, म्हणजे ७० खोकी. त्यावर आडव्या खोक्यांचे थर द्या, पण सगळी एकाच दिशेने नकोत. रुंदीच्या २३५ सें.मी.पैकी १८० मध्ये तीन ओळी अशा घाला की ६० ची बाजू रुंदीकडे येईल. प्रत्येक ओळीत १४, म्हणजे ४२ खोकी. उरलेल्या ५५ सें.मी.च्या पट्टीत एक ओळ दुसऱ्या दिशेने घाला, तिच्यात ९. थराची एकूण ५१. असे चार थर, २०४. पहिल्या थराची ७० मिळवली की २७४. उंची भरली ६० + १६० = २२० सें.मी. दाराची उंची आतल्या उंचीपेक्षा थोडी कमी, सुमारे २२८ सें.मी. असते, तिच्याही आत. कंटेनर तोच, खोके तेच, पण ४९ खोकी जास्त गेली.

याहून जास्त जातील का? वरच्या वर्गातल्या मुलांसाठी हा छान प्रश्न आहे. ६० आणि ४० कसेही जोडले तरी बेरीज २० च्या पटीतच येते. त्यामुळे ५९० पैकी फार तर ५८०, २३५ पैकी २२० आणि २३९ पैकी २२० एवढेच कामी येऊ शकतात. या कमी केलेल्या मापांचे घनफळ काढून भागाकार केला तर २९२ येतात. म्हणजे खरे उत्तर २७४ आणि २९२ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. ते नेमके काढून देणारे सोपे सूत्र नाही. खोकी वाढली की मांडणीच्या शक्यता इतक्या भराभर वाढतात की संगणकालाही पुष्कळदा ‘बऱ्यापैकी चांगले’ उत्तर घेऊन थांबावे लागते.

वर्गात हे कंटेनरशिवाय करता येते. पुठ्ठ्याचे ६ × ४ सें.मी.चे चार तुकडे कापा आणि कागदावर १० × १० सें.मी.चा चौरस काढा. क्षेत्रफळाचा भागाकार सांगतो ४ तुकडे. सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवले तर २ च बसतात. एक ओळ आडवी, एक उभी केली तर ३. मग मुलांना सांगा, चौथा बसवून दाखवा. पाच-दहा मिनिटे गोंधळ होतो आणि मग कोणीतरी चारही तुकडे भिंगरीच्या पात्यांसारखे एकमेकांच्या मागे लावते. मधोमध २ × २ चे भोक राहते आणि चारही तुकडे आत असतात. धारणीत हे सर्वांत आधी जमले ते शिक्षकांना नाही. चहा घेऊन आलेल्या मुलाने उभ्या उभ्या करून दाखवले.

इथे कंटेनरची थोडी हकिकत सांगायला हवी, कारण मापे जुळण्या-न जुळण्याचा तो मोठा नमुना आहे. पूर्वी जहाजावर माल सुटा चढे: पोती, पिंपे, पेट्या, एकेक करून हमालांच्या पाठीवरून. रेल्वेतही जिथे मीटरगेज आणि ब्रॉडगेज भेटत तिथे माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. अकोला–खंडवा ही मेळघाटातून जाणारी मीटरगेज ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन मालवाहतूकदाराने मालासकट अख्खी पेटीच उचलायची कल्पना व्यवहारात आणली. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. पुढे पेट्यांची मापे जगभर एक झाली, क्रेन आणि ट्रक त्या मापाचे झाले. आपल्याकडे मुंबईजवळ न्हावाशेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले ते मुख्यतः याच पेट्यांसाठी.

गंमत अशी की कंटेनरची रुंदी फुटात ठरली, बाहेरून आठ फूट. युरोपात माल रचायच्या लाकडी फळ्या मात्र मेट्रिक मापात, १२० × ८० सें.मी.च्या. १२० ची बाजू रुंदीकडे करून अशा दोन फळ्या शेजारी शेजारी ठेवायला २४० सें.मी. लागतात. कंटेनर आतून २३५. पाच सेंटिमीटरसाठी सगळी मांडणी बदलावी लागते, आणि हा घोळ अजून मिटलेला नाही.

आतापर्यंत आपण जागेचाच विचार केला. वजन राहिले. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण २८ टन माल घालण्याची परवानगी असते. ३३ घनमीटरला २८ टन, म्हणजे घनमीटरला सुमारे ८५० किलो. ही संख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. माल याहून हलका असेल तर कंटेनर आधी जागेने भरतो. याहून जड असेल तर आधी वजनाने. फरशा किंवा लोखंड भरलेला कंटेनर अर्ध्याहून अधिक रिकामा दिसतो आणि तरीही ‘भरलेला’ असतो. उलट थर्मोकोल किंवा चिवड्याची पाकिटे छतापर्यंत भरली तरी गाडीच्या स्प्रिंगा हलत नाहीत.

वऱ्हाडाला हा फरक नवा नाही. सुटा कापूस घरात ठेवला की माणसांनी बाहेर झोपायचे, हे ज्यांनी लहानपणी पाहिले आहे त्यांना जागेने भरणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईला आणि तिथून जहाजाने पुढे जाऊ लागला तेव्हा सुटा कापूस वाहून नेणे म्हणजे बहुतांशी हवा वाहून नेणे होते. म्हणून गावोगावी जिनिंगच्या जोडीला प्रेस उभे राहिले. सरकी काढलेली रुई दाबून तिची गाठ बांधायची. आज आपल्याकडची प्रमाण गाठ १७० किलोची असते आणि ती दोन-तीन माणसे लोटू शकतील एवढ्या आकारात मावते. प्रेसने कापसाचे वजन बदलले नाही, फक्त त्याला जागेने भरणाऱ्या मालातून वजनाकडे सरकवले.

गव्हाचे काय? सुट्या गव्हाचा एक घनमीटर साधारण ७८० किलो भरतो. म्हणजे धान्य अगदी सीमेवरचा माल आहे. कधी जागा आधी संपते, कधी वजन. हे ध्यानात घेऊन आता त्या शिक्षकांच्या गावाकडे येऊ.

गावात १२० कार्डे. त्यांतली ६० अंत्योदयाची, ६० प्राधान्य कुटुंबांची. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. घरात सरासरी पाच माणसे धरली. ६० × ३५ = २१०० किलो आणि ६० × ५ × ५ = १५०० किलो. महिन्याला ३६०० किलो, म्हणजे ७२ कट्टे. चार महिन्यांचे २८८ कट्टे, १४.४ टन.

मग कट्टा मोजला. शिबिराच्या स्वयंपाकघरात गव्हाचा न उघडलेला एक कट्टा होताच. तो जमिनीवर आडवा टाकून, थापटून सपाट केला आणि सगळ्यांनी टेप लावला. लांबी अडीच फूट, रुंदी पावणेदोन फूट, जाडी सुमारे सात इंच. टेप कुठे धरायचा यावर बराच वाद झाला, कारण कट्ट्याला कोपरे नसतात. वाद योग्यच होता. मोठ्या खोलीच्या मापात एक इंच चुकला तर फारसे बिघडत नाही. कट्ट्याच्या जाडीत एक इंच चुकला तर सात इंचांतला एक चुकला, आणि बारा थरांत ती चूक फूटभर होते. म्हणून लहान वस्तू जास्त काळजीने मोजायची. मुले नेमके उलटे करतात: खोली चारचारदा मोजतात आणि खोके नजरेने धरतात. आणखी एक गोष्ट त्यांना दाखवून द्यावी. लांबी, रुंदी, उंची तिन्ही केवळ दहा टक्क्यांनी जास्त धरली तर घनफळ ३३ टक्क्यांनी जास्त येते. १.१ ला तीनदा गुणून पाहा.

आता गाडी. सहा चाकी ट्रकचा हौदा १७ फूट लांब, ७ फूट रुंद धरू आणि तिला नऊ टन माल नेता येतो असे मानू. लांबीत अडीच फुटांचे ६ कट्टे, रुंदीत पावणेदोन फुटांचे ४, थराला २४. बारा थर लावले तर उंची सात फूट आणि कट्टे २८८. म्हणजे चार महिन्यांचे सगळे धान्य एका ट्रकमध्ये मावते! पण त्याचे वजन १४.४ टन. नऊ टनांत कट्टे बसतात १८०, साडेसात थर, साडेचार फुटांच्या आत. वर सगळे मोकळे. ही मोकळी जागा पाहिली की “एवढी गाडी रिकामी कशाला न्यायची” असे कोणालाही वाटते, आणि सेमाडोहच्या बाजूच्या घाटात ब्रेक तापलेल्या गाड्या दिसतात त्या पुष्कळदा याच वाटण्यातून. गाडीच्या बाबतीत डोळा जागा पाहतो आणि मर्यादा वजनाची असते. दोन खेपा लागणार.

खोलीचे नेमके उलटे आहे. १२ × १० × ९ फूट, १०८० घनफूट. कट्ट्याचे घनफळ सुमारे २.५५ घनफूट. भागाकार ४२३. हवेत २८८. भागाकारवाले लगेच निश्चिंत झाले. प्रश्न विचारणारे शिक्षक मात्र आता भिंगरी शिकले होते. त्यांनी थर मांडून पाहिला: १२ फुटांत पावणेदोन फुटांचे ६, १० फुटांत अडीच फुटांचे ४, थराला २४. बारा थर, सात फूट उंच, २४ × १२ = २८८. “बरोबर बसतात!” ते म्हणाले. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. वर्गात टाळ्या झाल्या.

शिबिराचे सामान चढवायला आलेले एक वयस्क हमाल दारात उभे राहून हे ऐकत होते. आयुष्य धान्याच्या गोदामात गेलेले. ते हसून म्हणाले, “गुर्जी, भरलं त खरं, पण काढाल कुठून?”

त्यांना पुढे बोलावले आणि पुढचा अर्धा तास वर्ग त्यांनीच घेतला. कट्टे भिंतीला टेकवायचे नाहीत. पावसाळ्यात भिंत ओल धरते, बारदान ती ओढून घेते आणि भिंतीकडचे कट्टे आधी कुबट होतात. भिंत आणि थप्पी यांत माणूस शिरेल एवढी वाट हवी, म्हणजे उंदराचे बीळ दिसते, किडीवर लक्ष ठेवता येते. जमिनीवर थेट ठेवायचे नाही, खाली लाकडी फळ्या हव्यात. दार उघडले पाहिजे. थर एकमेकांवर उलटसुलट दिशेने लावायचे, नाहीतर थप्पी फाटते आणि ढासळते. आणि हाताने चढवायचे असतील तर दहा थरांच्या वर जाऊ नये, वरचा कट्टा उतरवताना माणूस खाली येतो.

ओलीबद्दल त्यांनी सांगितले ते पुस्तकातल्या माहितीशी जुळते. धान्य जिवंत असते, ते श्वसन करते. त्यातला ओलावा साधारण १४ टक्क्यांच्या वर गेला की श्वसन, बुरशी आणि किडी तिन्ही वाढतात, त्यातून उष्णता निघते आणि थप्पीच्या पोटात कट्टे गरम होतात. हवा खेळायला वाट नसेल तर ही उष्णता आतच राहते. म्हणजे भिंतीजवळची दीड फूट जागा ‘रिकामी’ नसते, ती कामाला असते.

नवे गणित केले. चारही बाजूंना दीड-दीड फूट सोडले की थप्पीला उरतात ९ × ७ फूट. सगळे कट्टे एका दिशेने लावले तर थराला १२. दोन ओळी एका दिशेने (५ + ५) आणि एक दुसऱ्या (३) अशी लावली तर १३. दहा थर, १३० कट्टे. हवेत २८८. भागाकाराने जवळजवळ दीडपट जागा दाखवली होती, प्रत्यक्षात निम्मे धान्यही मावत नव्हते. पावणेदोन महिन्यांचे धान्य आत आणि सव्वादोन महिन्यांचे ओसरीवर, तेही पाऊस तोंडावर आलेला असताना.

कोणीतरी सुचवले, ग्रामपंचायतीच्या माडीवर ठेवू. हेही मोजले. दहा थरांची थप्पी म्हणजे सुमारे ४.४ चौरस फुटांवर ५०० किलो, चौरस फुटाला ११० किलोच्या वर. घराचा स्लॅब साधारण चौरस फुटाला वीसेक किलो भार धरून बांधतात, शाळेच्या वर्गाचा तीसच्या आत. माडीचा विचार तिथेच सोडला. धान्याची थप्पी तळमजल्यावरच.

चहाच्या वेळी एक छोटा प्रयोग झाला, तो वर्गात जरूर करून पाहा. एक पेला काठोकाठ गव्हाने भरा. मग मापाच्या भांड्यातून त्यात पाणी ओता, काठाशी येईपर्यंत, आणि लगेच किती पाणी गेले ते वाचा. (उशीर केलात तर गहू पाणी पितो आणि उत्तर बिघडते.) २०० मि.ली.च्या पेल्यात ८० मि.ली.च्या आसपास पाणी जाते. म्हणजे ‘भरलेल्या’ पेल्यातला दोन पंचमांश भाग हवाच होता. दाण्यांच्या फटीही खोक्यांच्या फटींसारख्याच. वस्तू गोल असतील तर त्या जास्तीत जास्त किती दाटीने रचता येतील, हा प्रश्न केप्लरने १६११ मध्ये विचारला. फळवाला संत्री रचतो तशीच रचना सर्वांत दाट, म्हणजे ७४ टक्के भरलेली, असा त्याचा अंदाज होता. तो सिद्ध व्हायला १९९८ साल उजाडले. टॉमस हेल्स या गणितज्ञाने संगणकाच्या मदतीने ती सिद्धता दिली आणि तिची तर्कशुद्ध तपासणी २०१४ मध्ये पुरी झाली. वरूड-मोर्शीकडचे संत्रीवाले तोवर संत्री रचतच होते. ती न रचता नुसती टोपलीत ओतली तर साधारण ६४ टक्केच जागा भरते.

आता साखळी पाहा. पेल्यात धान्य ६० टक्के, कट्ट्याच्या मापाच्या चौकोनात कट्टा ९० टक्क्यांच्या आसपास, खोलीत थप्पी ३१ टक्के. तिन्हींचा गुणाकार केला तर खोलीच्या घनफळाचा फक्त सहावा हिस्सा खरोखर गहू असतो. बाकी सगळी हवा, काही उपयोगाची, काही नाइलाजाची.

राहिलेल्या १५८ कट्ट्यांचे काय, हा प्रश्न त्या शिक्षकांनी रात्री सोडवला आणि सकाळी कागद माझ्या हातात दिला. शाळेची एक वर्गखोली २० × १६ फूट आहे, छत गळत नाही. तिच्या एका कोपऱ्यात, दोन्ही भिंतींपासून दीड-दीड फूट सोडून, ९ × ९ फुटांची थप्पी. दोन ओळी एका दिशेने, प्रत्येकी ५. दोन ओळी दुसऱ्या दिशेने, प्रत्येकी ३. थराला १६, दहा थर, १६० कट्टे. भिंतींजवळची वाट धरून खोलीचा तिसरा हिस्सा गेला. दोन हिस्से मुलांना.

मी विचारले, म्हणजे चार महिने मुले थप्पीशेजारी बसणार? थप्पी ढासळण्याची भीती आहे, आणि मुले बसतात त्या खोलीत कीटकनाशक मारता येणार नाही. त्यांनी कागद उलटला. मागे आणखी एक भागाकार होता. सगळे धान्य एकाच वेळी आलेले, म्हणून शाळेतली थप्पी आधी वाटायची. महिन्याला ७२ कट्टे, तेव्हा १५८ कट्टे सव्वादोन महिन्यांत संपतात. धान्य १ जूनपर्यंत आले तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोपरा मोकळा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर एका महिन्याचे वाटप झालेले असेल आणि थप्पी दहा थरांवरून साडेपाच थरांवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत उतरलेली असेल. मुलांची अडचण होईल ती पाच-सहा आठवडे, आणि तीही कमी कमी होत जाणारी.

कागदाच्या तळाशी त्यांनी एक ओळ लिहिली होती: खोलीचे माप पावलांनी घेतलेले आहे, गावी गेल्यावर टेपने पुन्हा घेणे. त्या संध्याकाळी धारणीच्या बाजारातून त्यांनी तीस फुटी टेप विकत घेतला.